दोन टाचण्या आणि अर्धी साखळी

१. पाच मिनिटांत आटोपलेला तास

पहिला गट "झालं बाई" म्हणत टेबलाशी येऊन उभा राहिला, तेव्हा बाईंची शिट्टी अजून ओठांतच होती. त्यांच्या पाठोपाठ दुसरा गट आला, तिसरा आला, आणि चौथा तर असा सुसाट आला की त्यातल्या एकाचा बूट वाटेतच राहिला. सगळ्यांचे चेहरे फुललेले. रसायनशास्त्राच्या तासाला इतकी मुलं एकदम हसताना त्या शाळेच्या भिंतींनीसुद्धा कधी पाहिली नव्हती.

हसत नव्हत्या त्या दोघीच. एक बाई आणि दुसरी चिमटा.

चिमटा म्हणजे बाईंची भाची. तिचं खरं नाव हजेरीपटात होतं आणि तिथंच पडून होतं. एखादी गोष्ट हिने धरली की सोडायची नाही, म्हणून नाव पडलं चिमटा. घरी ती बाईंना आत्या म्हणायची, शाळेच्या फाटकातून आत पाऊल पडलं की बाई. भांडण घरून सुरू झालं असेल तर फाटकापाशी मध्येच आत्याची बाई व्हायची, पण भांडण थांबायचं नाही.

खेळ साधा होता, म्हणजे बाईंच्या मते. प्रयोगशाळेत सोळा कार्डं चिकटवलेली. निम्मी पुढच्या भागात, फळ्याच्या आजूबाजूला आणि खिडक्यांवर. निम्मी मागच्या भागात, बेसिनपाशी, मांडण्यांवर आणि वायू ओढायच्या जुन्या कपाटावर. प्रत्येक कार्डाला दोन पट्ट्या. वरच्या पट्टीवर एका संयुगाचं सूत्र, खालच्या पट्टीवर दुसऱ्याच संयुगाचं नाव. खाली 'धुण्याचा सोडा' वाचलं की Na₂CO₃ लिहिलेलं कार्ड शोधत सुटायचं. त्याच्या खाली 'चुनखडी' असलं की CaCO₃ हुडकायचं. असं करत करत अख्खी खोली पालथी घालून, जिथून निघालो त्याच कार्डाशी परत आलो की शोध संपला.

आणि आज त्याला नुसता खेळ म्हणून चालणार नव्हतं. खाली व्हरांड्यात एक सुतार प्लायवूडच्या फळ्या भिंतीला टेकवून बसला होता. ही खोली शाळेतली सगळ्यांत मोठी. ती ऑफिसला द्यायची आणि रसायनशास्त्र फळ्यावर खडूनेच उरकायचं, असं वरून ठरून आलं होतं. हेडसरांनी बाईंना एकच संधी दिली होती. "बाई, एक तास असा दाखवा की ज्याला ही एवढी खोली लागतेच. मग मी वर बोलतो."

तो तास हा. आणि तो पाच मिनिटांत आटोपला होता.

"कागदावर किती संयुगं झाली?" बाईंनी विचारलं.

"आठ," पहिला गट म्हणाला.

"आमचीपण आठ."

"आठच आहेत ना, बाई?"

दारात उभ्या असलेल्या शिक्केमामांनी घसा खाकरला. शिक्केमामा म्हणजे ऑफिसातले कारकून. शिक्का मारल्याशिवाय ते पाण्याचा ग्लाससुद्धा तोंडाला लावत नाहीत अशी त्यांची ख्याती होती. "छान झाला तास," ते म्हणाले. "मुलांना फळ्यापुढची जागा अगदी पुरली. मागचा भाग रिकामाच. सर, बोलावू का सुताराला वर? मागच्या अर्ध्यात आजच पार्टिशन घालून टाकू."

हेडसर त्यांच्या शेजारी, हातात मोजपट्टीची डबी घेऊन उभे. उंच माणूस, आयुष्यभर इतिहास शिकवलेला, त्यामुळे कुठल्याही गोष्टीची घाई नाही. ही खोलीसुद्धा ते कित्येक आठवडे मोजतच होते. पण आज त्यांचा चेहरा एकदम उतरला.

"आजच?" ते म्हणाले. "थांबा. मधली सुट्टी होऊ द्या. सुट्टीनंतर बघू."

बाई खुर्चीत बसल्या. चिमटा त्यांच्या कानाशी वाकली.

"आत्या, काल संध्याकाळी आपण दोघींनी साखळी स्वतः चालून पाहिली. सोळाच्या सोळा लागली होती."

"शाळेत बाई म्हण," बाई म्हणाल्या, पण आवाजात जोर नव्हता. "लागली होती. मग रात्रीतून काय झालं?"

२. एका माळेच्या दोन

सुट्टीची घंटा झाली आणि वर्ग ओसंडून बाहेर गेला. चिमट्याने डबा उघडलासुद्धा नाही. मीठ लिहिलेल्या कार्डापासून तिने चालायला सुरुवात केली. NaCl, खाली खाण्याचा सोडा. NaHCO₃, खाली नवसागर. NH₄Cl, खाली सोरा. खिडकीपाशी आठवं कार्ड आलं आणि त्याच्या खालच्या पट्टीवर लिहिलं होतं, 'मीठ'.

"इथं मोरचूद पाहिजे होतं," ती म्हणाली. "मोरचुदाचं कार्ड मागच्या कपाटावर आहे. इथूनच सगळे मागे जाणार होते."

ती मागे धावली. बेसिनपाशी मागच्या भागातलं शेवटचं कार्ड होतं, त्याच्या खाली 'मीठ' असायला हवं होतं, म्हणजे साखळी परत पुढे आली असती. तिथं होतं 'मोरचूद'.

"म्हणजे पट्ट्यांची अदलाबदल," बाई म्हणाल्या.

"फक्त दोनच. पण बघा ना, एका माळेच्या दोन माळा झाल्या. पुढची आठ पुढेच गरागरा फिरतात, मागची मागे. पुढून निघालेला माणूस फिरून पुढेच येतो आणि त्याला वाटतं, आपण जग जिंकलं."

तिने नाक पट्टीला लागेल इतकं जवळ नेलं आणि मग तिचे डोळे असे चमकले की काचेच्या बाटल्यांवर म्हणे कवडसे पडले.

"बाई, तुम्ही कार्डांना टाचणी लावता?"

"छे. प्रयोगशाळेत टाचणी? एकदा कुणाच्या तळव्यात घुसली तेव्हापासून मी बंदी घातलीय. सगळं चिकटपट्टीने."

"या दोन पट्ट्यांना टाचण्या आहेत."

बाई उठून आल्या. खरंच होत्या. चिकटपट्टी काढताना फाटलेली, आणि तिच्या जागी नीटनेटकी, कागदात दोनदा ओवलेली टाचणी.

"आणि अजून एक," चिमटा म्हणाली. "साखळी नेमकी कुठं मागे जाते आणि कुठून पुढे येते, हे खोलीत उभं राहून दिसत नाही. ते कळायला सोळाही सूत्रं सोडवत अख्खी साखळी चालावी लागते. ज्याने केलं त्याला रसायनशास्त्र येतं."

"मग आपल्याकडे ते येणारी माणसं मोजकीच," बाई म्हणाल्या. "मी, नळीकाका आणि तुमच्या वर्गातला सूत्र्या."

"आणि मी."

"तू सकाळभर माझा चष्मा शोधत होतीस."

"तो तुमच्या डोक्यावर होता."

"म्हणूनच तर वेळ लागला. जा आता. सुट्टी संपायच्या आत मला माणूस पाहिजे."

३. उघडं दार

नळीकाका म्हणजे प्रयोगशाळेचे सहायक. मागच्या छोट्या खोलीत बाटल्या धूत बसायचे. काचेची नळी ते अशी वाकवायचे की तिच्यातून वाहणारं पाणीसुद्धा म्हणे वळणावर थोडं थबकून बघायचं. पोरांनी कपाटाला हात लावला की मात्र त्यांचं डोकं फिरायचं.

"काका, खोली ऑफिसला गेली तर तुम्हाला कुठं पाठवणार?"

"ग्रंथालयात," काका बाटली उजेडात धरून म्हणाले. "पंख्याखाली खुर्ची, धुवायचं काही नाही, फुटायचं काही नाही."

"म्हणजे मजाच की."

"मजा?" त्यांनी बाटली खाली ठेवली. "पुस्तकाला ब्रशने घासू का मी? चिमटे, मला इथं सगळं ऐकू आलंय. तुला वाटतंय ते मी केलं. करता आलं असतं. पण मला तुझ्या आत्याचा खेळ बिघडवायचा असता तर मी एकच कार्ड खिशात घातलं असतं. एवढा उपद्व्याप कोण करतो?"

हे चिमट्याला पटलं, आणि पटल्यामुळे रुतलं. एक कार्ड गायब असतं तर सगळे गट अडले असते, मग सगळ्यांनी मिळून खोली उलथीपालथी केली असती. कपाटं उघडली असती, मांडण्यांमागे डोकावले असते. तसं कोणीच केलं नाही. कारण कोणी अडलंच नाही.

"सकाळी खोली कोणी उघडली?" तिने विचारलं.

"तुझ्या आत्याने. दुसरं कोण? हल्ली मी येतो तेव्हा रोज दार उघडंच असतं."

आत्या तर रोज चिमट्याबरोबरच यायची, आणि दोघी रोज प्रार्थना सुरू झाल्यावर मागच्या फाटकातून चोरासारख्या आत शिरायच्या. चष्मा, किल्ल्या, पर्स आणि परत चष्मा, असा आत्याच्या सकाळचा क्रम होता.

"आणि तिला सांग," काका म्हणाले, "वायूच्या कपाटाच्या काचेला खाकी कागद लावलाय तिने, तो निदान सरळ तरी लावायचा."

"तिने नाही लावला. ती म्हणत होती, तुम्ही लावलाय."

नळातून पाणी गळत राहिलं. दोघंही एकमेकांकडे बघत राहिली.

४. टाचण्यांची डबी कुठं राहते

त्या शाळेत टाचण्या म्हटल्या की ऑफिस. शिक्केमामा तिथं तीन कपाटं आणि दोन टेबलं यांच्यामध्ये असे बसायचे की श्वास सोडला तर खणाला लागावा. खोली त्यांना हवी होती, आणि त्यात चूक काहीच नव्हतं.

"मामा, एक टाचणी देता?"

"माझ्याकडे कुठली? डबी हेडसरांच्या टेबलावर. मला लागली तरी आत जाऊन मागावी लागते. कारण काय, तर मी सांडतो म्हणे." त्यांनी एका कागदावर शिक्का हाणला. "तू टाचणीसाठी आलेली नाहीस. तुझा चेहरा सांगतोय, आणि पट्ट्यांची बातमी सुट्टी होताच शाळाभर झालीय. तुला वाटतं मी तुझ्या आत्याच्या पट्ट्या बदलल्या."

"बदलल्यात का?"

"पोरी, मला मीठ कमी पडलं तर कळतं. त्याचं सूत्र घेऊन काय करू, आमटीत टाकू?"

चिमट्याला हसू आलं. माणूस खोटं बोलत नव्हता. तिने त्याच्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं. हेडसरांच्या केबिनचं दार अर्धवट उघडं होतं, आत कोणी नव्हतं. खुर्चीमागच्या भिंतीवर मूलद्रव्यं आणि त्यांच्या संयुजांचा भलामोठा तक्ता होता. कोणाला किती हात आणि कोण कोणाचा धरतो, हे सगळं त्यात रंगीत चौकोनांत मांडलेलं. हाच तक्ता प्रयोगशाळेच्या भिंतीवरून नाहीसा झाला होता, त्याच्या जागी नुसता फिकट चौकोन उरला होता, आणि आत्या त्यावरून अजूनही अधूनमधून जेवताना चिडायची.

"हा इथं कसा?"

"सर म्हणाले, केबिनच्या भिंतीला ओल आलीय, झाकायला काहीतरी हवं." शिक्केमामांनी आवाज खाली आणला. "ओल मला तरी दिसली नाही. पण हेडमास्तरांना दिसते ती ओल कारकुनाला दिसायलाच हवी असं काही नाही."

"आणि खोली मोजायला सरांना इतके दिवस का लागले?"

"तेच मी विचारतोय. रोज उजाडताच टेप घेऊन वर जातात, रोज येऊन सांगतात, अजून एक भिंत राहिलीय. अगं, खोलीला भिंती असतात तरी किती?"

चिमट्याला वाटलं, माणूस सापडला. पण लगेच गाडं अडलं. हेडसरांना वरच्यांचं ऐकून प्रयोगशाळा बंदच करायची होती. मग खेळ फसावा म्हणून त्यांनी एवढी उठाठेव का करावी? नुसतं 'नाही' म्हणाले असते तरी पुरलं असतं.

५. सूत्र्या बोलतो

सूत्र्या मैदानाच्या कडेला एकटाच डबा खात होता. झोपेतही सूत्रं बरळतो असं त्याची धाकटी बहीण सांगायची. त्याला धावायला आवडत नव्हतं, आणि आजच्या खेळात धावावं लागतं म्हणून तो आठवडाभर कुरकुरत होता.

"मला विचारायला आलीस ना?" तो घास चावत म्हणाला. "उशीर झाला तुला. मी तर वाटच बघत होतो."

"का?"

"कारण वर्गात सगळ्यांत हुशार मी आहे."

"आणि सगळ्यांत नम्र."

"ते तू म्हण. मी केलं नाही. करणार कशाला? ही युक्ती चालणारी नाहीच मुळी."

"चालली की."

"नशिबाने चालली," सूत्र्या म्हणाला. "बाई नेहमी काय करतात? निम्मे गट पुढून सुरू करायला लावतात, निम्मे मागून. आजही तसंच केलं असतं तर मागचे गट मागे फिरत बसले असते. दोन गटांनी कागद शेजारी ठेवले असते की लगेच बोंब झाली असती. एकाच्या कागदावर मीठ, सोडा, नवसागर आणि दुसऱ्याच्या कागदावर भलतंच. ज्याने हे केलं त्याला बाईंची पद्धत माहीत नव्हती, नाहीतर..."

"नाहीतर काय?"

"नाहीतर सगळे पुढूनच सुरू करतील अशी त्याची खात्री होती."

चिमटा उभीच राहिली. मैदानावर चेंडू होता, आरडाओरड होती, कोणाची तरी वेणी कोणीतरी ओढत होतं. तिला काही ऐकू येत नव्हतं. तिला फक्त तासाची सुरुवात आठवत होती. बाई गटांना जागा नेमून द्यायला निघाल्या होत्या, एक गट मागच्या बेसिनकडे वळलासुद्धा होता, आणि दारातून आवाज आला होता. "बाई, मागे गर्दी नको. सगळे फळ्यापासूनच सुरू करा." बाई सगळ्यांसमोर काय बोलणार? तो गट परत पुढे आला होता.

जिन्यावरून धाड धाड आवाज यायला लागला. सुतार फळ्या घेऊन वर निघाला होता.

"पळ," सूत्र्या म्हणाला, आणि त्याला धावायला आवडत नव्हतं तरी तिच्या मागे तोही पळाला.

६. खेळ मोडायचाच नव्हता

प्रयोगशाळेत सगळे जमले होते. बाई टेबलाला धरून उभ्या, नळीकाका दाराशी, शिक्केमामा हात चोळत. सुताराने पहिली फळी जमिनीवर टेकवली, धप्प. हेडसर दचकले.

"हळू," ते म्हणाले. "हळू ठेवा."

"फळी आहे साहेब, फूल नाही," सुतार म्हणाला आणि दुसरी टेकवली. हेडसरांनी डोळे मिटून घेतले.

"सर," चिमटा धापा टाकत म्हणाली, "मला दोन मिनिटं द्या."

"घे, घे," हेडसर इतक्या घाईने म्हणाले की शिक्केमामा त्यांच्याकडे बघतच राहिले.

"सर, पट्ट्या बदलल्या हे बाईंनी तुम्हाला सांगितलंच असेल. मी सुट्टीभर एकच विचारत होते, बाईंचा खेळ मोडावा असं कोणाला वाटतं. प्रश्नच चुकीचा होता. खेळ मोडायचा असता तर एक कार्ड काढलं की काम झालं. पण मग आम्ही सगळी खोली शोधली असती. ज्याने हे केलं त्याला नेमकं तेच नको होतं. त्याला खेळ छान व्हायला हवा होता. सगळ्यांनी धावावं, हसावं, जिंकावं, बाईंना शाबासकी मिळावी. फक्त मागे कोणी येऊ नये."

खोलीत टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती, आणि टाचण्या तिथं होत्याही.

"म्हणजे मागे काहीतरी आहे," चिमटा पुढे म्हणाली. "धक्का लागून चालणार नाही असं आणि हलवताही येणार नाही असं. हलवता आलं असतं तर कालच कोणीतरी उचलून नेलं असतं, साखळी कशाला तोडली असती. आता, ही युक्ती चालायला एक गोष्ट पाहिजे. सगळे गट पुढून निघायला पाहिजेत. बाई तसं कधीच करत नाहीत. नळीकाका आणि सूत्र्या, दोघांनाही ते माहीत आहे. आज तसं झालं, कारण एका माणसाने दारातून तसं सांगितलं."

सगळ्यांच्या माना एका दिशेला वळल्या.

"त्यांना रसायनशास्त्र येत नाही अशी आपली समजूत आहे," ती जरा हळू आवाजात म्हणाली. "पण संयुजांचा तक्ता रोज समोर असेल आणि माणूस चिकाटीचा असेल, तर सोळा सूत्रं जमतात. टाचण्याही त्यांच्याच टेबलावर असतात. आणि एक खोली मोजायला त्यांना..."

"पुरे," हेडसर म्हणाले.

बाईंनी चिमट्याच्या खांद्यावर हात ठेवला. आता काय होणार, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. हेडसरांनी मोजपट्टीची डबी टेबलावर ठेवली, बाह्या सारख्या केल्या आणि म्हणाले, "या. पण चवड्यांवर."

सगळे गेले, चवड्यांवर. सुतारसुद्धा. हेडसरांनी वायूच्या कपाटाची खाकी कागद लावलेली काच अशी वर सरकवली, जशी झोपलेल्या बाळावरची चादर काढावी.

आत एक मोठं काचपात्र होतं. त्यावर आडवी पेन्सिल, पेन्सिलीला दोरा, आणि निळ्या पाण्यात दोऱ्याला लटकलेला मोरचुदाचा एकच एक स्फटिक. मुठीएवढा. निळा असा की त्याच्यापुढे खिडकीतलं आभाळ धुऊन फिकं पडलेलं वाटावं. कडा सरळ, बाजू गुळगुळीत, कोपरे कुणी करवतीने कापल्यासारखे.

"अरे देवा," नळीकाका पुटपुटले. वीस पावसाळे त्यांनी त्या खोलीत काढले होते, असा त्यांच्याही हातून झाला नव्हता.

"पहिल्या दिवशी खरंच मोजायला आलो होतो," हेडसर स्फटिकाशीच बोलत असल्यासारखे म्हणाले. "कोणीतरी इथं एक वाटी विसरलं होतं. पाणी आटत आलेलं, तळाशी एक निळा कण. इतका रेखीव की मला वाटलं कोणी घडवून ठेवलाय. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर वाढला होता. बाई, मी जन्मभर इतिहास शिकवला. त्यात सगळं होऊन गेलेलं असतं. हे माझ्या डोळ्यांसमोर होत होतं."

"मग मला सांगायचं होतं," बाई म्हणाल्या.

"कोणत्या तोंडाने? खोली काढून घेतो असं आधीच म्हणून बसलो होतो. मग मोजतच राहिलो. आज वाटलं, खेळ झकास होईल, मी वर कळवीन की खोली हवीच, आणि याला धक्काही लागणार नाही. शिक्केमामा मागचा अर्धा भाग मागतील, हे कुठं सुचलं मला."

"माझी खोली गेली असती, सर." बाईंचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे तो जास्त लागला. "तुमच्या एका स्फटिकापायी मुलांचे सगळे प्रयोग गेले असते. आणि दोष माझ्या माथी आला असता."

हेडसरांनी मान खाली घातली. एवढा उंच माणूस मान खाली घालतो तेव्हा ती बरीच खाली जाते.

"सुतारदादा," मग ते म्हणाले, "या फळ्या माझ्या केबिनमध्ये न्या. मधोमध पार्टिशन घाला. अर्धी केबिन ऑफिसला."

"आणि तुम्ही, सर?" शिक्केमामांनी विचारलं.

"अर्ध्यात मावेन. वरच्यांना मी आजच सांगतो, ही खोली प्रयोगशाळाच राहील. हवं तर तुम्ही त्यावर शिक्का मारा."

शिक्केमामांनी क्षणभर विचार केला. अर्धी केबिनसुद्धा त्यांच्या आताच्या जागेच्या दुप्पट होती. "दोन मारतो," ते म्हणाले.

"आणि सकाळी इथं येणार असाल तर विचारून यायचं," बाई म्हणाल्या. "कागद सरळ लावायचा. आणि तक्ता परत."

"हो, बाई," हेडसर म्हणाले.

७. चवड्यांवरची शर्यत

सुट्टी संपली होती. मुलं दाराशी खोळंबून एकमेकांच्या खांद्यांवरून आत बघत होती. बातमी कशी कोण जाणे आधीच बाहेर पोचली होती, आणि ती पोचेपर्यंत स्फटिक मुठीएवढा होता तो डोक्याएवढा झाला होता.

चिमट्याने टाचण्या काढल्या, पट्ट्या जागच्या जागी चिकटवल्या. बाईंनी शिट्टी उचलली, कपाटाकडे पाहिलं आणि परत ठेवून दिली.

"ऐका," त्या कुजबुजल्या. "सोळाच्या सोळा. निम्मे गट पुढून, निम्मे मागून. धावायचं नाही, बोलायचं नाही, बाक ओढायचं नाही. टाचा वर. ज्याचा आवाज झाला तो बाद."

"बाई," हेडसरांनी तितक्याच हळू विचारलं, "मी एखाद्या गटात..."

"चिमट्याच्या."

मग सुरू झाली ती शर्यत. चाळीस पोरं चवड्यांवर, श्वास रोखून, गाल फुगवून, अख्ख्या खोलीत सरसर सरकत होती. बोटं हवेत सूत्रं लिहीत होती. धुण्याच्या सोड्यापाशी दोन गटांची टक्कर झाली आणि दोन्ही गटांनी एकमेकांची माफी नुसत्या भुवयांनी मागितली. सूत्र्या सगळ्यांच्या पुढे होता. चवड्यांवर चालायला त्याला फार छान जमत होतं, हे त्याला आजवर कोणी सांगितलंच नव्हतं. मोरचुदाच्या कार्डाशी आलेला प्रत्येक जण तिथं नको तेवढा वेळ थांबायचा, उघड्या कपाटात बघायचा आणि मग भानावर येऊन पुढे सरकायचा.

हेडसर फेरिक ऑक्साइडवर अडले. समोर FeO होतं, शेजारी Fe₂O₃. सकाळी तक्ता हाताशी होता, आता नव्हता. चिमट्याने ओठ हलवले तर त्यांनी हात वर करून तिला थांबवलं. ते दोन्ही कार्डांसमोर उभे राहिले, बोटांवर मोजत, पुटपुटत, कपाळाला घाम. मागून दुसरा गट त्यांना मागे टाकून गेला. तिसरा गेला. चिमटा चवड्यांवर जागच्या जागी उड्या मारत होती, आवाज न करता.

आणि मग ते सुटलं. लोखंडाचे तीन हात, ऑक्सिजनचे दोन, एकमेकांत अडकले आणि उत्तर समोर आलं.

"सापडलं!" हेडसर ओरडले, आणि आनंदाच्या भरात त्यांनी मांडणीवर अशी थाप मारली की वरच्या सगळ्या बाटल्या किणकिणल्या.

खोली जागच्या जागी गोठली. चाळीस माना कपाटाकडे वळल्या. पाण्यावर वर्तुळं उठली होती. दोऱ्याला लटकलेला निळा स्फटिक डावीकडे झुकला, उजवीकडे झुकला, काचेच्या अगदी जवळ गेला, परत आला. कोणी पापणी हलवत नव्हतं. झोका लहान झाला, अजून लहान झाला, आणि मधोमध येऊन थांबला.

सगळ्या वर्गाने एकदम श्वास सोडला.

बाईंनी दाराकडे बोट केलं. हेडसर चवड्यांवर बाहेर गेले आणि कॉरिडॉरमध्ये भिंतीला पाठ टेकवून, हाताची घडी घालून उभे राहिले. मधूनच मान लांब करून ते आत डोकावत होते, कोण पुढे आहे ते बघायला.